ओला पंचा आणि लेझरमधला थेंब

बाबा, थेंब थांबला. सगळ्यात आधी हे तुम्हाला सांगायला हवं होतं, पण तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते, आणि लेझरच्या उजेडाने हवेतला थेंब धरून ठेवता येतो हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

धरायचा म्हणजे असं. काचेच्या लहानशा डबीत मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं. खालून लेझरचा बारीक झोत येतो. धुक्यातला एखादा थेंब त्या झोतात अडकला तर तिथेच तरंगत राहतो, आणि त्याच्यावरून परतणाऱ्या उजेडावरून त्याचा आकार मोजता येतो. माझे थेंब अडकायचे, पण मोजून होण्याआधीच आक्रसून झोतातून निसटायचे. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर पीएचडीचा विषय बदलू, असं माझ्या गाइड सरांनी शांतपणे सांगून टाकलं होतं. मी घाबरले की काय करते ते तुम्हाला माहीतच आहे. पुसते. प्रत्येक वेळी डबी धुऊन, कोरडी हवा मारून, वर पुन्हा फडक्याने पुसून घेत होते.

धुकं सोडायला आम्ही नेब्युलायझर वापरतो, औषधांच्या दुकानात मिळतो तोच. गेल्या आठवड्यात तो सुरू केला, त्याची घरघर ऐकली आणि साकेत नगरचं आपलं स्वयंपाकघर समोर आलं. मे महिना आहे. दम्यामुळे माझी शाळा घरातच, तीही स्वयंपाकघरात, कारण नेब्युलायझरचा प्लग तिथे. आई हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर, तुमची कामावरची पाळी दुपारची, म्हणून सकाळी शिकवायला तुम्ही. माझ्या तोंडावर मास्क, म्हणून तुम्ही पाढे विचारता आणि मी बोटांनी उत्तरं दाखवते. पाटीवर एक अक्षर वाकडं आलं की मी सगळंच पुसते. "अगं, किती पुसशील? पाटीलाही दम लागेल," तुम्ही म्हणता. मास्कमधून निघणारं धुकं खिडकीतल्या उन्हात दिसतं, आणि त्यातला एकच थेंब निवडून त्याच्यावर नजर ठेवायला तुम्ही सांगता. मला ते कधीच जमत नाही. खुर्चीच्या पाठीवर तुमचा पंचा ओला करून पसरलेला असतो, सुकला की पुन्हा भिजवता. कोरड्या हवेत हिचा श्वास टिकत नाही, असं तुम्ही शेजारच्या काकूंना सांगायचात.

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. कापसाचा ओला बोळा डबीच्या कोपऱ्यात ठेवला, झाकण लावलं आणि नुसती बसून राहिले. मग धुकं सोडलं. एक थेंब अडकला, थोडा आक्रसला, आणि थांबला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिरवा ठिपका. सगळी मापं घेऊन झाली तरी तो तिथेच होता.

सर येऊन बराच वेळ बघत राहिले. हे कुठून सुचलं, असं त्यांनी विचारलं. तुमच्याबद्दल बोलले असते तर आवाज कापला असता, म्हणून कुठेतरी वाचलं होतं म्हणाले. ते खूश झाले. "बढ़िया. रेफरन्स भेज देना."

विषय माझ्याकडेच राहिला आहे, श्वासही बरा आहे. फक्त रोज सर विचारतात आणि मी "ढूँढ रही हूँ सर" म्हणते. हे लिहिलेलं तुम्हाला पाठवता येत नाही. खरं तर ते सरांनाच पाठवायला हवं, आणि तेवढं धाडस अजून झालेलं नाही.