काळ्या चौकटीतलं बोलावणं

चिखली, १२ जानेवारी १९३६
मुंबईहून ठळक टाइप आला. दांडा जाड, वळण बारीक, टोकाला बोरूचा तिरका काप. सोबत इंग्रजी अक्षरं. पायाशी आडव्या पट्ट्या, जोडे घालून उभी असल्यासारखी. असा टाइप जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नसणार. प्रेसमध्ये जागा नाही, म्हणून टाइपाचे लाकडी खण स्वयंपाकघरात ठेवले. शालू म्हणाली, चूल कुठं मांडू? मी म्हटलं, आधी अक्षर बघ.

१५ जानेवारी
शालू माहेरी वरवट बकालला गेली. आठ दिवसांत येईलच. घर शांत आहे, कामाला उत्तम.

९ फेब्रुवारी
इंद्रभान मुलीची लग्नपत्रिका छापायला आले. लाल शाई मागत होते. लाल शाईत दांड्याचा रुबाब जातो. मी काळीच धरून बसलो. ते खामगावला गेले. लोकांना अक्षर कळत नाही.

२ मार्च, संध्याकाळ
महिन्यात तीन कामं, तिन्ही तेराव्याची. दुःखातल्या माणसाला वजनदार अक्षर बरोबर कळतं. वाईट एवढंच की अशी पत्रं लोक वाचून लगेच फाडतात, घरात ठेवत नाहीत.
जेवायला दोन ताटं घेतली. एक परत ठेवलं.

१९ मार्च
शालूचं पत्र नाही. आपण लिहावं, पण प्रेसच्या मालकाला हातानं लिहिणं शोभत नाही. संकल्प: बोलावणं ठळक टाइपात छापायचं.

२१ मार्च
छापलं. मधोमध माझं नाव, सगळ्यांत मोठं. भोवती जाड काळी चौकट. खाली बारीक मजकूर: घर खायला उठतं, खण हलवले आहेत, तातडीने यावे. (खण उद्या हलवीन.) मशीन चालवणाऱ्या आमच्या नजीरला मराठी वाचता येत नाही, पण टाइप कळतो. पहिला कागद निघताच त्यानं मशीन थांबवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. अक्षर भिडलं.

२८ मार्च
दुपारी सासरे पुंजाजी आले. डोळे लाल, मागं चार माणसं. मला ओट्यावर बसलेला पाहून मटकन खाली बसले. पाणी दिलं, तेव्हा कळलं. त्यांच्या गावी पत्र वाचून देणाऱ्यानं चौकट पाहिली, नाव वाचलं आणि पत्र तिथंच फाडलं. सासूबाईंनी हंबरडा फोडला.
शालू रडली का, मी विचारलं. पुंजाजींनी उरलेलं पाणी संपवलं. मग म्हणाले, पोरगी एक तुकडा पाहून बोलली, "ते गेले असते त हा टाइप कोनं लावला? दुसऱ्याले त हात लावू देत नाहीत. तुमी जाऊन या, मले भाकरी टाकाच्या हायेत."
खालचा मजकूर तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

२९ मार्च
सकाळी खण हलवले. चूल मांडली. मग टाक घेऊन बसलो. "करमत नाही, ये," एवढंच सुचलं. अक्षर फार किरटं आलं. तसंच पोस्टात टाकलं.