आईसाठी आठ इंची टॅब

५ जाने.
भूगावातच दुकानात गेले. आईसाठी टॅब. गेल्या वर्षीच्या तापात तिचे दोन्ही कान गेले, मशीनचाही उपयोग नाही. समोरचा बोलेल ते अक्षरांत दाखवणारं अ‍ॅप आहे, त्यासाठी.
दोन बघितले. दहा इंची : माइक चांगला, अक्षर ठसठशीत. आठ इंची : हळू, पण स्वस्त. आठ इंची घेतला. "आईला धरायला सोपा," असं नवऱ्याला, प्रशांतला सांगितलं. खरं कारण...

११ जाने.
मुठ्याला, आईकडे. आईने टॅबला आधी "जयभीम" घातला. बरोबर उमटला. केवढी हसली! शेजारच्या सुमनमावशी म्हणाल्या, "कुटं गेलीवतीस?" टॅब म्हणे, 'कुटुंब गेली'.
"आगं, कुटुंब हितंच हाय माजं!" – आई.
माइक कच्चा. जवळून बोललं तरच पकडतो.

१८ जाने.
लिहवत नाहीये.
आई दारात पावटे सोलत बसलेली, टॅब मांडीशी सुरू. मी तिच्या मागेच उभी, प्र.शी फोनवर. तो म्हणाला, माइक असा असेल तर मोठा घेऊन टाकू.
मी म्हणाले, "राहू दे रे. तिला आता असा किती दिवस वापरायचाय?"
खाली बघितलं तर आई चष्मा सावरून वाचत होती. अख्खं वाक्य. एक चूक नाही.
पुढची शेंग उचलली.

१९ जाने.
रजा टाकली. लवळ्याला कॉलेजात पोट बिघडलंय म्हणून कळवलं. दुकानातून दहा इंची घेऊन थेट मुठा. आईने खोकंसुद्धा उघडलं नाही.
"परत दे. ह्योच बरा हाय. ह्याला समदं कळतंय."
"आई, तसं नव्हतं गं म्हणायचं मला."
टॅबने लिहिलं. तिने वाचलं. "व्हय," एवढंच.

२ फेब्रु.
सुमनमावशी म्हणतात, आईच्या आता दिवसभर गप्पा चालतात, आळीतलं कुणी सोडत नाही. मी पोचले तेव्हाही दोघींचं चाललेलं. मावशी उठून गेल्या. आईने टॅब बंद केला, उशीखाली सारला.
समोर बसले. सावकाश म्हणाले, "चुकलं माझं." ती माझ्या ओठांकडे बघत होती.
"च्या टाकू?" म्हणाली.
कळलं का, विचारायचा धीर झाला नाही. मान हलवली.