काचेतली वाळू

२० ऑगस्ट
लग्नानंतर काही महिने पुण्यात भाड्याच्या खोलीत काढले; आज कोल्हापुरात, ताराबाई पार्कातल्या सासरी कायमची आले. सासूबाईंनी, म्हणजे विजयमाला आत्तींनी, कौतुकानं दूध-साखर हातावर ठेवली. माझ्या नवऱ्यानं, श्रेणिकनं, हौसेनं आणलेली खाऱ्या पाण्याची टाकी देवघराशेजारी आहे. आधी वाटलं रिकामीच, नुसती वाळू. मग वाळूत डोळे दिसले. हे मासे अंगभर वाळू ओढून घेतात. डोळे आणि वर वळलेलं तोंड तेवढं बाहेर. प्राणिशास्त्र शिकलेली मी, हरखूनच गेले.

२३ ऑगस्ट
आत्ती टाकीत रोज कणकेच्या गोळ्या टाकतात. मासे ढिम्म. गोळ्या विरघळतात, आत्तींना वाटतं खाल्ल्या. डोक्यावर काही हललं की गिळणारे शिकारी मासे हे, असं मी सांगितलं. आत्ती हसून म्हणाल्या, आपल्या घरात कुणाला मारून कुणाचं पोट भरत न्हाय, पोरी. श्रेणिक खाली मान घालून जेवत राहिला. त्याला सगळं ठाऊक आहे.

२७ ऑगस्ट
जैनाच्या पोरीनं, म्हणजे मीच, लक्ष्मीपुरीच्या बाजारातून सुकट आणली, तोंडाला रुमाल बांधून. चिमूटभर टाकली तर वाळू उसळली. माझं बोट थोडक्यात वाचलं. वास आत्तींपर्यंत गेलाच. ओरडल्या नाहीत, रडल्या. त्याचाच मला जास्त राग आला. उद्यापासून पर्युषण. आत्तींनी सांगितलं, प्रायश्चित्त म्हणून मी दहाही दिवस निराहार राहायचं, टाकीसमोर मौन धरून बसायचं. माशांनाही उपास, त्यांनाही पुण्य. श्रेणिक म्हणाला, कर की एवढं आईसाठी, आदिती.

३० ऑगस्ट
फक्त उकळलेलं पाणी. मुंगी मरू नये म्हणून इथं मऊ केरसुणीनं झाडतात. काचेपलीकडच्या उपासमारीला कुणी हिंसा म्हणत नाही. माझ्याही. फरशीवर वाळू आहे. कुणी सांडली?

१ सप्टेंबर
वाळू घोट्यापर्यंत. थंड. श्रेणिक दारातून डोकावला, छान बसलीयस म्हणाला. त्याला वाळू दिसली नाही. की दिसली आणि—

३ सप्टेंबर
आडवी झाले. वाळू अंगावर ओढून घेतली. बरं वाटतं. भूक मात्र झाकली जात नाही. वर पाणी—

७ सप्टेंबर असावी
आज पारणं. आवाज पाण्यातून येतात. आत्ती म्हणतात, मासा एक वाढला की, उपासाचंच फळ हे. आदिती कुठाय म्हणून कुणी तरी विचारलं — रुसून कागलला, माहेरी गेली असेल, श्रेणिक म्हणाला. मग पानं वाढली—
आत्ती वाकल्या. कणकेची गोळी. हिरव्या बांगड्या. हात खाली — अजून खाली — माझ्या डोक्यावर हल—