टोपी नंबर चौदा

जबलपूर,
२ जुलै २०२५

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुम्हाला कानाचं मशीन लावायचं नाही आणि फोनवरचं ऐकू येत नाही, तेव्हा आपली सासू-सुनेची ही टपालसेवा चालूच राहणार. अपूर्व हसून राहिला आहे. म्हणतो, आईने नोकरी सोडली, पण मास्तरीण काही सुटली नाही.

शाळा सुरू झाली. या वर्षीपासून तिसरीच्या मुलांसाठी मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर तीन ते साडेचार क्लब ठेवले आहेत. मला तर हायसंच वाटलं, कारण बँकेच्या ओमती ब्रँचमधून माझे पाय निघेपर्यंत पाच वाजतात. आपल्या अनुष्काबाईसाहेबांना पोहणंच हवं होतं. शाळेत नवा तलाव बांधला आहे ना! मी बुद्धिबळावर खूण केली, तर दोन दिवस तोंड फुगवून बसली आहे. आणि तिची मैत्रीण सलोनी, जी पाण्याला घाबरते, तिला तिच्या आईने हट्टाने पोहण्यात घातलं. घ्या आता.

फॉर्मवर एक रकाना होता, मुलाला काही आजार आहे का म्हणून. तिथे मी पेन धरून बसून राहिले. शेवटची फिट येऊन दोन वर्षं झाली, ज्या ती ताकदीच्या समजून घ्यायची त्या गोळ्याही एप्रिलमध्ये बंद झाल्या. तरी डॉक्टरांनी बजावलं होतं की शाळेत सांगून ठेवा, पाण्यापाशी तर फारच सांभाळा. शेवटी तुमचं ऐकलं आणि ‘काही नाही’ असं लिहिलं. अनुष्काला सांगितलं की पाण्याने तुला सर्दी होते. आई, मी बरोबर केलं ना? तेव्हापासून मनाला चैन नाही.

जेवण वेळेवर करत जा. आमच्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
मेघना

---

मझौली,
६ जुलै २०२५

चि. सौ. मेघनास,
अनेक आशीर्वाद.

एकदम बरोबर केलंस. काहून एवढी घाबरून राहिली बाप्पा? पोरगी ठणठणीत आहे. अपूर्वला सांग, मास्तरीण आहे म्हणूनच त्याला अजून ऱ्हस्व-दीर्घ कळतं.

तीस वर्षं मी शाळेत काढली. एका बाईला कळलं की स्टाफरूमला कळतं, आणि स्टाफरूमला कळलं की बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या साडीवाल्यालाही कळतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिला फिट यायची. तिच्या शेजारी कोणी बसेना, आया तक्रारी घेऊन यायच्या. तिला शेवटच्या बाकावर एकटी बसवली ती मीच, हेही लिहून टाकते. ती चौथीतच शाळा सोडून गेली. आपल्या अनुष्काचं तसं मला होऊ द्यायचं नाही. उद्या लग्नाचं बघायला गेलो तर हेच आडवं येईल. आणि तिलाही काही सांगू नको, लेकरांच्या पोटात काही राहत नाही.

पत्ता घातलेली, तिकिटं लावलेली दहा पाकिटं तिला दिली होती. त्यातलं एकही अजून आलं नाही, म्हणावं.

अपूर्वला आणि अनुष्काला आशीर्वाद. मला विसरू नका म्हणजे झालं.

तुझी
आई

---

जबलपूर,
२१ जुलै

प्रिय आजी,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. तू कशी आहे? हे पत्र मी शाळेच्या गेटजवळच्या लाल डब्यात टाकणार आहे, मम्मीला नाही दाखवणार. एक सीक्रेट आहे. कोणाला सांगू नको.

मी बुद्धिबळात जातच नाही! सलोनीला पाण्याची खूप भीती वाटते, ती बाथरूममध्ये रडत होती. मग आम्ही बदली केली. बुद्धिबळाच्या सरांनी अनुष्का म्हटलं की सलोनी हात वर करते. पोहण्याचे सर नवीन आहेत, आम्ही पूरे तीस मुलं आहोत, तर ते नाव नाही घेत, टोपीचा नंबर घेतात. मी सलोनीची टोपी घालते. मी चौदा नंबर आहे. केस थोडे ओले होतात तर मम्मीला सांगते, गरमी होती म्हणून नळाखाली डोकं धरलं.

आजी, मला आता पाय मारता येतात. मागच्या गुरुवारी पाण्यात एक गंमत झाली. मला काहीच ऐकू नाही आलं आणि काही दिसलं पण नाही, मग एकदम नाकात पाणी गेलं. मला वाटलं थोडाच वेळ झाला. पण सर सगळ्यांना म्हणाले की बघा, चौदा नंबर किती वेळ श्वास रोखून राहते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या गुरुवारी सर मला दोरीच्या पलीकडे खोल पाण्यात नेणार आहेत.

चलो, आता बेल झाली. खूप खूप प्यार.

तुझी
अनुष्का

---

मझौली,
२४ जुलै, गुरुवार, दुपारचे पावणेचार

मेघना,

नमस्कार-आशीर्वाद काही सुचत नाही. लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

पोस्टमन अडीचला पाकीट दाराखालून टाकून गेला असेल. मला काय ऐकू येणार! उठले, चहा ठेवला आणि तीन वाजून दहा मिनिटांनी ते पायाखाली आलं. अनुष्काचं पत्र. मेघना, ती बुद्धिबळात नाही, पाण्यात आहे. सलोनीची टोपी घालून जाते. आणि मागच्या गुरुवारी पाण्यात तिची शुद्ध गेली होती, आणि त्या मास्तराने पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या.

मी गॅस तसाच ठेवून खालच्या मजल्यावर श्रीकांतच्या कापडाच्या दुकानात गेले. तुझा फोन बंद. अपूर्वच्या फॅक्टरीत तर फोन गेटवरच जमा करतात. श्रीकांतने कुठूनसा शाळेचा नंबर काढला. तेव्हाही, मेघना, तेव्हाही मी त्याला कानात काय सांगितलं असेल? की घरगुती कारण आहे एवढंच म्हण. तो बोलला. मग पाटीवर लिहून दाखवलं की आई-वडिलांच्या परवानगीशिवाय मुलाला बाहेर काढत नाहीत.

मग मी त्याच्या हातून फोन ओढून घेतला. पलीकडे कोण आहे, काय म्हणतं, आहे तरी की नाही, मला काहीच कळत नव्हतं. मी ओरडत सुटले की चौदा नंबरची टोपी म्हणजे माझी नात आहे, तिला मिरगी येते, तिला पाण्यातून काढा. दुकानात गिऱ्हाईक होतं, बायका कापड बघत होत्या. सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी थांबले नाही. घसा बसला तरी म्हणतच होते. शेवटी श्रीकांतने माझा हात धरून फोन काढून घेतला आणि मला वर आणून बसवलं. तेव्हापासून तो खाली नंबर फिरवून राहिला आहे.

माझ्या पापाची शिक्षा त्या लेकराला देऊ नको रे देवा.

श्रीकांत जिन्यात दिसून राहिला आहे. त्याच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नाही

---

जबलपूर,
२७ जुलै २०२५

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

अनुष्का सुखरूप आहे हे त्या दिवशीच श्रीकांतभैयांनी तुम्हाला सांगितलं असेल. बाकीचं आज सवडीने लिहिते.

फोन शाळेच्या ऑफिसातल्या अंजनी दीदींनी घेतला होता. आधी त्यांना काही समजेना, कारण त्या काय विचारतात ते तुम्हाला ऐकूच जात नव्हतं. मग ‘चौदा’ आणि ‘पाणी’ एवढं कळलं आणि मिरगी कळली, तशा त्या रिसीव्हर टेबलावर टाकून धावत सुटल्या. ऑफिसातले सांगतात, रिकाम्या खुर्चीपुढे तुमचा आवाज कितीतरी वेळ येत होता.

खोल पाण्यात उतरायची पाळी पुढची तिचीच होती. सरांनी शिटी मारून तिला बाहेर काढलं. ही कुरकुर करत टॉवेल गुंडाळून बाकावर बसली. पाच मिनिटंही झाली नसतील, तर तिथेच तिला फिट आली. दीदींनी काय आहे ते आधीच सांगितल्यामुळे सरांनी तिला पटकन धरलं आणि कुशीवर निजवलं. आई, पाच मिनिटं. मला दर थोड्या वेळाने तेच आठवतं.

गोळ्या परत सुरू झाल्या. डॉक्टर मला खूप बोलले, आणि बोलायलाच हवं होतं. पोहणं सध्या बंद. पुढे त्यांनी हो म्हटलं तरी, सगळं माहीत असलेलं मोठं माणूस पाण्यात तिच्या शेजारी हवं. फॉर्मच्या त्या रकान्यात मी आता सगळं लिहून सही केली. गेटवर एका आईने मला विचारलं की हे दुसऱ्या मुलांना लागतं का. मी नाही म्हटलं आणि घरी येऊन रडले. सलोनी मात्र रोज येऊन हिच्याजवळ बसते.

खोटं कशाला लिहू, मी तुमच्यावर रागावले आहे. स्वतःवर त्याहून जास्त. तुम्ही सांगितलंत हे खरं, पण ‘काही नाही’ माझ्या हाताने लिहिलं. आणि तुम्ही तसं ओरडला नसतात तर आज हे पत्र लिहायला मी राहिले नसते.

अनुष्काने मला एक प्रश्न विचारला. मी म्हटलं, आजीलाच लिहून विचार. तिची चिठ्ठी सोबत ठेवते, मी वाचलेली नाही.

पुढच्या रविवारी अपूर्व तुम्हाला घ्यायला येतो आहे. माझा राग असला तरी या.

तुमची
मेघना

---

प्रिय आजी,
साष्टांग नमस्कार.

डॉक्टर अंकलनी मला सगळं समजावून सांगितलं. चित्र काढून दाखवलं की डोक्यात कसं होते ते. मला वाटत होतं, मम्मी मला पोहायला नाही म्हणते कारण मी सगळ्यांत मागे राहीन. आणि सर्दीला तर मी घाबरत नाही, म्हणून गेली.

आजी, तुला माहीत होतं. मम्मीला आणि पप्पांना पण माहीत होतं. आता शाळेत सगळ्यांना माहीत झालं. आजार तर माझा आहे ना? मग मलाच काहून नाही सांगितलं?

मला सीक्रेट ठेवता येते. तू मला सांगितलं असतं तर मी कोणालाच नसतं सांगितलं. आणि पाण्यात पण नसती गेली.

तुझी
अनुष्का