कोंबडीखालचा प्रयोग

चि. मैत्रेयीस,

बाबाराव काकाचा सप्रेम जय भीम अन् डोक्यावर हात. इकडं सगळे बरे आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, बाकी पुढं वाचशीलच. तुझी तब्येत कशी आहे? हैदराबादचं पाणी मानवते का? तुझ्या लॅबमधल्या मासोळ्या बऱ्या आहेत ना? (त्यायचीही खुशाली इचारली पाह्यजे, तुले आमच्यापेक्षा त्यायचीच संगत जास्त.) फोन केला का तू "काका, लॅबमध्ये आहे" म्हणून ठेवून देतेस. पत्राले तसं म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

दसऱ्याले आलतीस तवा अंगणात बसून, माझ्याच शिलाई मशिनीचे रीळ पुढ्यात मांडून, तूनं तुझं काम समजावून सांगतलं. जिवाचा सारा नकाशा एका लांब धाग्यात असते अन् तो धागा बारक्या रिळांवर गुंडाळलेला असते. रीळ बहुतेक सारखेच, पण मधातमधात येगळ्या घडणीचं एखादं बसवलेलं असते; त्यानं धागा कुठं सैल होते, कुठं गच्च आवळल्या जाते. सैल तेवढा वाचता येते, आवळलेला नाही. म्हणून धागा तोच, पण एका जागी काळीज बनते अन् दुसऱ्या जागी डोळा. मासोळीच्या गर्भात असं एक येगळं रीळ बिघडलं, तं पिल्लाचा जबडाच धड बनला नाही म्हणे. मले हे सगळं एका झटक्यात समजलं. (जिंदगी गेली कापड बेतण्यात, मले समजणार नाही तं कोणाले?) तुझ्या सत्यभामा काकूले काही समजलं नाही, तिनं रीळ तेवढे मोजून परत ठेवले.

पण ते माझ्या सुनेले, मोनालीलेही समजलं, तिथून सगळा घोळ झाला. तुले मालूमच आहे, पोळा झाल्यावर आपला रवी रोजानं फवारणीले गेलता. यंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली, अन् बोंडअळीच्या भेवानं दोन-तीन औषधं एकात कालवलेली. दुपारीच उलट्या करत घरी आला. दवाखान्यातून जीव परत आणला, डोळे काही आणता आले नाही. आता उजेड-अंधार तेवढा समजते. दिवसभर बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला राह्यते. मोनाली तवा दोन महिन्यांची पोटुशी, अन् पंपात पाणी ओतायले तीच होती. म्हणून तिनं तुले इचारलं, का त्या औषधानं पोटातल्या पोराचे रीळ बिघडते का. तू म्हणालीस, वहिनी, मले माहीत नाही. आता हे काय उत्तर झालं? एवढं शिकून? तू गाडीत बसल्याबरोबर मी तिले सांगून टाकलं, का मैत्रेयी लाजून तसं बोलली, खरं तं पोरगं एकदम ठणठणीत आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं ते टोपलं काढलं, ज्याच्यात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या ठेवल्या जात. धुतलं नाही. त्यात भुसा घातला, आपल्या कोंबडीची नऊ अंडी ठेवली अन् खुडूक कोंबडी वरून बसवली. कायले, तं म्हणे जिवाचे रीळ सगळीकडं सारखेच असतीन तं कोंबडीच सांगते. पिल्लं धड निघाले तं आपलंही धड. मी मनात म्हटलं, बापा! पोरीनं घरातच लॅब उघडली. अन् पिल्लं वाकडीतिकडी निघाली तं?

मंग मी काय केलं, तं घाटंजीच्या बाजारात गेलो, फुलचंद अंडीवाल्याकडून अस्सल गावरान म्हणून नऊ अंडी आणली, अन् मोनाली नळावर गेल्याबरोबर बदलून टाकली. (कोंबडीनं हाताचं मांस तोडलं. खोटं काम करायचं तं चामडी जाड पाह्यजे.) जुनी अंडी फेकायचं पाप नको म्हणून शेजारच्या चंदाबाईच्या खुडूक कोंबडीखाली सरकवली. तीन हप्ते मी अशी झोप घेतली का काय सांगू!

एकही फुटलं नाही. तुझ्या काकूनं एक फोडून पाह्यलं तं आत नुसतं पाणी अन् घाण. कवच घासलं तं पांढरंफेक! त्या हरामखोरानं पोल्ट्रीची अंडी चहाच्या पाण्यात रंगवून दिलती. ज्या कोंबडीनं जन्मात कोंबडा पाह्यला नाही, तिच्या अंड्यातून पिल्लू काय माझं कपाळ निघन?

तेव्हापासून मोनाली दोन घासांवर उठते. म्हणते, यवतमाळले जाऊन पोट पाडून मोकळी होते. मी सांगतो का अंडी खराब होती, तं ती म्हणते, मामाजी, तेच तं मी म्हणून राह्यली. पोरी, माझ्या अकलीनं घरातलं पोर चाललं.

बाकी ठीक. तब्येतीले जपजो.

तुझा काका,
बाबाराव

ता. क. चंदाबाईकडं सात पिल्लं निघाली. सहा तुरूतुरू पळतात. एकाचा पाय वाकडा आहे. आता हे मोनालीले कोणत्या तोंडानं सांगू?

ता. क. दुसरा. खरं काम हे, का तुझ्या संस्थेचा शिक्का मारून दोन ओळी लिहून पाठव, का मशिनीत तपासलं, पोराले काही धोका नाही. खोटं आहे, मले समजते. तरी पाठव.

ता. क. तिसरा. ताई, मी मोनाली. मामाजी डिंक आणायले गेले तवा पाकीट उघडं होतं, वाचलं. अंडी बदलली हे मले पहिल्याच दिवशी समजलं, हाताले चहाचा रंग लागला; आपली कुठं गेली ते चंदाबाईनं सांगतलं. म्हाताऱ्याले बरं वाटून राह्यलं होतं, अन् एखादं तं फुटन असं वाटलं, म्हणून बोलली नाही. मोकळी होते असं मी म्हटलं, पण ते माझं म्हणणं नाही, ह्यांचं आहे. हे म्हणत, मी आंधळा, पोरही तसंच आलं तं कोण पाहीन? कोंबडी मी यांच्यासाठीच बसवलती. पिल्लांचा आवाज तं ऐकू येते ना. टोपलं मुकं राह्यलं अन् हे खूश झाले, का आपलंच खरं. काल चंदाबाईकडली पिल्लं आणून यांच्या हातावर ठेवली, वाकड्या पायाचंही ठेवलं. लय वेळ त्याच पायावर बोट फिरवत बसले. मंग इचारलं, हे जगते का? मी म्हटलं, माहीत नाही. पिल्लू मात्र परत दिलं नाही. ताई, शिक्क्याचा कागद पाठवू नका. तुम्ही स्वतः या, अन् दसऱ्याले मले म्हटलं ते यांच्यासमोर म्हणा, का माहीत नाही. आमच्या घरात सगळे खात्रीनंच बोलतात हो.