भोक पडत नाही

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींना सांग, मी त्यांच्यावर रागावलेली नाही.

इथे सगळं ठीक. प्रयोगशाळेतला फ्रीज पुन्हा रुसलाय, त्यामुळे आमचे सर आधी त्याच्यावर आणि मग आमच्यावर खेकसतात. तुझं पत्र मिळालं. अक्षर म्हणजे अजून कोंबडीचे पाय, पण लागलं.

"एवढं शिकून दिवसभर फुग्यांना भोकंच पाडतेस ना गं?" असं विचारलंयस. हो, तेच करते. पेशीत एक प्रथिन असतं, एरवी अगदी गरीब, इकडेतिकडे हिंडणारं. पेशी बिघडली की ते आतल्या एका पातळ पडद्यात घुसतं, त्याचे भाईबंद गोळा होतात, पडद्याला भोक पडतं आणि पेशी मुकाट मरते. मी तसल्याच पडद्याचे बारीक फुगे करते आणि आत चमकणारा रंग भरते. भोक पडलं की रंग बाहेर येतो, यंत्रावरचा आकडा चढतो. बिघडलेल्या पेशीत दुसरं एक प्रथिन याला अडवून धरतं, त्याला बाजूला सारायचं, एवढंच तुझ्या गोळ्यांचं काम.

उगाच शाळा घेतेय. मुद्द्यावर यायचं टाळतेय.

भाऊजींनी तुझा नवा रिपोर्ट मला पाठवला. फोनवर म्हणाले, "तिला एवढ्यात काही बोलू नकोस. तिची सगळी भिस्त तुझ्यावर आहे." तुझ्या रक्तातल्या बिघडलेल्या पेशींमध्ये ते प्रथिनच बदललंय. तसंच बदललेलं प्रथिन मी इथे तयार केलं, फुग्यांवर सोडलं. आकडा हलला नाही. माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं, यंत्रासमोर देव पाण्यात घालून बसले. ते पडद्यापर्यंत जातं, चिकटतंही, पण आत शिरत नाही. सरांनी चहा आणून ठेवला.

गोळ्या पुढे चालू ठेवू का, असं तू विचारलंस. तोंडभर फोड आलेत, पोटात अन्न ठरत नाही, तरी मी हो म्हटलं तर तू घेशील.

नको घेऊस, ताई. त्यांचा आता उपयोग नाही. तुझ्या डॉक्टरांशी बोलले, त्यांचंही तेच म्हणणं आहे. दुसरं औषध त्यांच्याकडे नाही, आमच्याकडेही नाही. असतं तर मी पत्र लिहीत बसले असते का? ज्या पेशींनी मरायला हवं त्यांना मरता येत नाही, आणि त्यामुळे तू. पुढचं लिहवत नाही गं.

फोन मुद्दामच केला नाही. माझा आवाज ऐकून तू मलाच समजावत बसली असतीस. शनिवारी येतेय. मला धीर देऊ नकोस, नुसती जवळ बसू दे.

तुझ्या काहीच कामी न आलेली,
धाकटी