कोपरे कापलेली पाकिटं

प्रिय ताई,

हे फोनवर सांगायचं होतं, पण तू लाडाने शेंडेफळ म्हणालीस की माझी दातखीळ बसते.

गेल्या वर्षी तुझ्या दुकानात ती बंद पाकिटातली, पोरं जमवतात ती खेळाची कार्डं आली, तेव्हा दलालांनी काय उच्छाद मांडला होता! गठ्ठेच्या गठ्ठे उचलायचे आणि बाहेर चौपट भावाने विकायचे. पोरं हात हलवत परत जायची. मग तू काउंटरवरच प्रत्येक पाकिटाचा कोपरा कात्रीने कापून द्यायला लागलीस. फोडलेल्या पाकिटाला बाजारात कोण विचारतो? दलाल तुला खडूस म्हणत निघून गेले. मी मात्र पडलो सख्खा भाऊ. इस्पितळात एक्स-रे काढायचं माझं काम, म्हणून तिथल्या मुलांच्या वॉर्डासाठी एक बॉक्स दे म्हणालो आणि तू एका शब्दाने न विचारता रंगीत कागदात बांधून दिलास.

ताई, तो बॉक्स वॉर्डात गेलाच नाही. माझ्या कपाटात स्वेटरांखाली होता. कोरा माल आहे, भाव चढू दे, म्हणून मी त्याचा कागदसुद्धा काढला नाही. गेल्या रविवारी गिऱ्हाईक घरी आलं. त्याच्यासमोर बॉक्स उघडला, तर आतल्या एकूणएक पाकिटाचा कोपरा कापलेला. तो हसत हसत जिना उतरला. खोटं कशाला बोलू, आधी मला तुझाच राग आला. सख्ख्या भावावरही हिचा भरवसा नाही, म्हटलं. मग तळाशी तुझी चिठ्ठी दिसली. सलाईन लावलेल्या हातांनी पाकीट फाडता येत नाही, म्हणून कापून ठेवलीत, असं लिहिलं होतंस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी ती पाकिटं मी वॉर्डात वाटून टाकली. पण तेवढ्याने सुटका नाही. पोरांना कार्डं आवडली का, असं तू दर फोनला विचारायचीस आणि मी थापा मारत गेलो. मागच्या महिन्यात तर पायाला प्लास्टर घातलेल्या, कार्डं उशाशी घेऊन झोपणाऱ्या एका चिमुरडीची गोष्टच रंगवून सांगितली. काल तुझा निरोप मिळाला. प्लास्टरबाहेर राहणारी तिची बोटं गारठतील म्हणून तू एकाच पायाचा मोजा विणला आहेस आणि गुरुवारी तो घेऊन निघते आहेस. निघायच्या आधी हे पत्र तुझ्या हाती पडायलाच हवं. ताई, अशी कुणी मुलगी नाही.

तुझाच, तोंड दाखवायला लाजणारा,
शेंडेफळ